हवा आहे, जाईल

निफाड, दिवाळीच्या तोंडावर, १९८४

प्रिय वाल्मीक,

भाऊबीजेला ये, यंदा चांगली साडी घेऊन ठेवलीय, असा तुझा निरोप मिळाला. साडीचं राहू दे बाबा. निऱ्या खोचायच्या तिथेच माझा व्रण आहे, अन् पोटाला पट्टा बांधल्याशिवाय मला धड उभं राहवत नाही. इथे द्राक्षांची छाटणी चाललीय. सगळ्या बाया बागेत, अन् मी पाण्याची कळशी उचलायलाही दुसऱ्याला हाक मारते. सासूबाई म्हणतात, बसून खाणारीला दिवाळी काय नि शिमगा काय.

गेल्या वर्षीचं तुझ्या शाळेतलं कुटुंबनियोजनाचं शिबिर आठवतं ना? प्रत्येक मास्तराने केसेस आणायच्या होत्या, अन् तुला एक कमी पडत होती. म्हणालास, अक्का, दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, टाका एकच, दुसऱ्या दिवशी भाकरी थापशील. मला पुढे मूल नकोच होतं, त्याचा दोष तुला देत नाही. आणीबाणीत धरपकड झाली तेव्हापासून आपल्याकडचे गडी ऑपरेशन म्हटलं की उसात दडतात. मग उरलं कोण? आम्हीच! तुझ्या चौथीच्या वर्गात बाकं सारून सतरंज्या टाकल्या होत्या. एक बाई उठली की तिच्या जागी दुसरी. डॉक्टर असेलही देवमाणूस, पण माझं तोंड बघायला त्याला सवड कुठे होती! आधी पोटात हवा भरतात, मग दुर्बीण घालतात. निघताना सिस्टर म्हणाली, पोट फुगल्यासारखं वाटेल, हवा आहे, जाईल.

त्या एका वाक्याने माझा घात केला. पोट नगाऱ्यासारखं झालं, तर हे म्हणाले, हवा आहे. सासूबाईंनी हवा निघावी म्हणून एरंडेल पाजलं, वर ओवा चावायला लावला. मी ओकत होते, अंग तापाने भाजत होतं, तरी घरभर तेच. तुला बोलावणं धाडलं. तू उंबऱ्यातूनच हसलास, म्हणालास, अक्का लहानपणापासून अशीच, काटा मोडला तरी गाव गोळा करते. शेवटी ह्यांनाच दया आली, कांद्याच्या टेम्पोत घालून मला नाशिकला नेलं. तिथे डॉक्टरीणबाईंनी पोट उघडलं तेव्हा कळलं, आतड्याला भोक पडलं होतं. त्या म्हणाल्या, असं क्वचितच होतं, चांगल्या हातूनही होतं, पण ताप आला, पोट फुगत गेलं की घरी थांबायचं नसतं. अन् मी एरंडेल पीत बसले होते! तू मोसंबी घेऊन आलास, कॉटशी बसलास, अन् काय म्हणालास? कुठे बोलू नकोस, शिबिराचं नाव खराब होईल. भावाची नोकरी म्हणून मी ओठ शिवले.

आज का लिहिते, तर काल शेजारी नव्यानेच राहायला आलेली चांगुणा आली होती, तान्हं पोर कडेवर घेऊन. दिवाळीनंतरच्या शिबिरात तिचं नाव तू घातलंस. घातलंस ते घातलंस, पण तिला सांगितलंस, माझ्या सख्ख्या बहिणीचं मीच करून आणलं, कशी ठणठणीत आहे बघ. जीभ कशी झडली नाही रे तुझी? ती विचारत होती, खरं का हो अक्का? मी पट्टा सोडून तिला पोट दाखवलं. पोरगी रडायलाच लागली. ऑपरेशन करू नको, असं मी तिला म्हटलं नाही. तिच्या अंगात रक्त नाही, आणखी एका बाळंतपणात ती तशीही जाईल. म्हणून यंदा साडी नको, मी मागते ती ओवाळणी घाल. शिबिराच्या दिवशी सगळ्या बायांपुढे तुझ्या तोंडाने सांग, माझ्या बहिणीचं आतडं फाटलं होतं. पोट फुगत गेलं तर हवा समजून घरी बसू नका, मला बोलवा, मी स्वतः दवाखान्यात नेतो. एवढं जमणार नसेल तर मी येतेच आहे, पण ओवाळणीचं ताट घेऊन नाही. चौथीच्या वर्गाच्या दारात बसेन, पट्टा सोडून.

तुझीच,
ठणठणीत अक्का