गुडघ्यांना बळ दे

दि. २ जुलै

तीर्थरूप मावशीस,
तुझ्या बुटकीचा स. सलाम, वि. वि.

इकडे मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, पण खुशाल नाही. काल वॉर्डात जे झालं त्याने मी अजून सुन्न आहे. औषधाची चूक झालेली नाही, घाबरू नकोस. चूक तोंडून झाली.

आमच्याकडे एक ट्रकचालक काका आहेत. अपघातात त्यांचे दोन्ही पाय चिरडले, ते मांडीपासून कापावे लागले. माणूस भारी थट्टेखोर. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आणि उंचीने ही अशी, म्हणून मला 'अर्धी सिस्टर' म्हणतात. काल ड्रेसिंग झाल्यावर माझ्या गळ्यातला क्रूस बघून त्यांनी विचारलं, की माझ्यासाठी प्रार्थना करशील का. देवाचं त्यांना फारसं काही नाही, पण भीती वाटते म्हणाले. मला केवढा आनंद झाला. इतकी वर्षं दर शुक्रवारी शिलाई मशिनी भिंतीला सारून तू आम्हा पोरांना प्रार्थनेला बसवलंस, ते अशाच वेळेसाठी तर. मी डोळे मिटले आणि घडाघडा सुरू झाले, शेजारच्या खाटांनाही ऐकू जाईल असं. शेवटी म्हणाले, हे प्रभू, आमच्या गुडघ्यांना बळ दे, म्हणजे आम्ही तुझ्यामागे चालत येऊ.

डोळे उघडले तर ते चादरीकडे बघत होते, जिथे गुडघे असायला हवेत तिथे. वाटलं, आता ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, की पोरी, हे तू कुणाचं म्हणालीस. तुझं होतं ते, मावशी. तुझ्या गुडघेदुखीचं. जिना चढून धापा टाकत बसल्यावर तू म्हणायचीस ते.

रात्री खोलीत दुसरं काही म्हणून बघितलं. एक शब्द निघेना. मी देवाला ओळखते, की फक्त तुला? मला खरंच कळेनासं झालंय.

लोभ आहेच, पण आत्ता जरा जास्त लागेल.
तुझी,
बुटकी

दि. ७ जुलै

चि. बुटकीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी मला रागच आला, खोटं कशाला बोलू. माझी प्रार्थना म्हटली म्हणून काय आभाळ कोसळलं? काकांची माफी माग आणि कामाला लाग, असं लिहिणारही होते. पण काल शुक्रवार होता.

मी पोरांना म्हटलं, आज मी सुरुवात करणार नाही, आपापलं बोला. पहिला बोलला पैलवान. तोच गं, बेकरीवाल्यांचा थोरला, पाठीवर पिठाचं पोतं घेऊन जिना पळत चढतो तो. त्याने देवाकडे काय मागावं? गुडघ्यांना बळ. त्याच्या शेजारणीने तेच मागितलं. त्याच्या पुढच्याने तर मी मध्ये जिथे खाकरते तिथे खाकरूनसुद्धा घेतलं. चेष्टा नव्हे, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटायचं, ही पोरं देवाशी बोलतात.

मग मी घाईच केली. म्हटलं, माझे शब्द राहू देत, मनातलं बोला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी आपली बडबडी, वचनं पाठ म्हणण्यात कायम पहिली येणारी, ती म्हणाली की मनात काहीच नाही, बऱ्याच दिवसांपासून नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून येत होते. आणि चपला घालून निघून गेली. मी थांबवायला उठले, पण थांबवून काय सांगणार होते कोण जाणे.

वेळेवर जेवत जा. आपल्यातला लोभ मात्र पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
मावशी

दि. ११ जुलै

तीर्थरूप मावशीस,
स. सलाम.

बडबडीचं वाचून मी हादरले. म्हणजे मी एकटी नव्हते तर.

राग येईल, पण लिहितेच. गिऱ्हाइकाचं माप घेतल्याशिवाय तू कापडाला कात्री लावत नाहीस. आम्हाला मात्र सगळ्यांना तुझ्याच मापाचं शिवून दिलंस.

आता भांडायला वेळ नाही. काकांची जखम चिघळली आहे. पुढच्या गुरुवारी पुन्हा ऑपरेशन आहे आणि डॉक्टर फार आशा देत नाहीत. त्यांनी मला आदल्या दिवशी बोलावलंय, या वेळी तुझं म्हण म्हणाले. माझं कुठून आणू? तूच चार ओळी लिहून पाठव, गुडघे नसलेल्या. मी पाठ करीन.

लोभ असू दे आणि पत्र लगेच टाक.
बुटकी

दि. १४ जुलै

चि. बुटकीस,
अनेक आशीर्वाद.

मापाचं लिहिलंस ते फार लागलं. दोन दिवस मशिनवर बसले नाही.

चार ओळी लिहिल्या. इतक्या छान झाल्या की मलाच रडू आलं. मग फाडून टाकल्या. पाठवणार नाही. त्या माणसाने तुला बोलावलंय, मला नाही. तू तिथे गप्प बसलीस तरी चालेल, पण माझं काही म्हणू नकोस. तिथे तुला काहीच सापडलं नाही तर काय, हे मला माहीत नाही.

बडबडीकडे जाऊन आले. तिचं ऐकून घेतलं. परत ये म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

रागाव, पण लोभ ठेव.
मावशी

दि. २१ जुलै

तीर्थरूप मावशीस,
सलाम.

तुझं पत्र आलं तेव्हा मी खरंच भडकले. तशीच बुधवारी काकांजवळ जाऊन बसले. त्यांचा हात धरला. मग मी म्हणाले, देवा, काय बोलायचं ते मला येत नाही, यांना भीती वाटतेय, मलाही वाटतेय, तू इथे ये. संपलं. काका म्हणाले, एवढंसंच असतं होय. मग अवघडून आमेन म्हणाले.

गुरुवारी ते ऑपरेशनमधून परत आले नाहीत. मी त्यांच्याच खाटेची चादर बदलत होते, तेव्हा वॉर्डबॉयने येऊन सांगितलं. मला ते समजेचना. मी चादरीची दुसरी बाजूही नीट खोचली.

मग कपड्यांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि देवावर ओरडले. बोलावलं होतं ना तुला, मग कुठे होतास, म्हणाले. तोंडाला येईल ते बोलले. घसा बसला माझा. उत्तर काही आलं नाही. पण मावशी, समोर कुणी नाही असं मला एकदाही वाटलं नाही. नसलेल्या माणसावर इतकं रागावता येत नाही गं.

देवाशी असं बोललेलं चालतं का, ते तू मला कळवू नकोस. मी त्यालाच विचारलंय.

तुझ्यावर लोभ आहे, रागासकट.
तुझी,
बुटकी