लूमवरची हाक

कामतघर, भिवंडी
दि. १४ नोव्हेंबर २०२४

चि. प्रितेश,
वहिनीचे आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस. केसरीनाथ कापडाची गाडी घेऊन सुरतेला निघालाय, त्याच्याच हाती हे पत्र देतेय. फाडायचं तर फाड, पण आधी वाच.

इकडे सगळे बरे. आईंचे गुडघे दुखतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. मेघालीला सहामाहीत गणितात पैकीच्या पैकी पडले, काकाला कळव म्हणून माझ्या मागे लागलीय. दिवाळीत तुझ्या वाटच्या करंज्या बाजूला काढल्या होत्या. चार दिवस वाट पाहिली, मग तिनेच संपवल्या.

आता खरी बातमी. तुझा दादा बोलतो! अरे, बोलतो म्हणजे काय, काल चक्क आईंशी भांडला. भाजीत मीठ कमी म्हणून! मी गॅसपुढे उभी राहून रडतेय आणि आई म्हणतात, "रडतेस कशाला? मीठ घाल की!"

सुरुवातीपासून सांगते. तू गेलास तेव्हा हे बेशुद्धच होते. आडवा धागा नेणारा तो टोकदार धोटा लूममधून उडून डाव्या कानशिलावर बसला, ते तू पाहिलंसच. शुद्धीवर आले तर उजवा हात उचलेना आणि तोंडातून शब्द फुटेना. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी पेप्टाइडचं सलाइन लावू या म्हटलं. मी विचारलं, म्हणजे काय हो? तर प्रथिनाचे अगदी बारीक तुकडे, मेंदूतल्या दुखावलेल्या पेशींना सावरायला मदत होईल अशी आशा. "कुणाला गुण येतो, कुणाला नाही, मी शब्द देणार नाही," म्हणाल्या. "आणि व्यायाम नि बोलायचा सराव सोडलात तर नुसत्या बाटलीने काही होणार नाही." आई लगेच, "म्हंजी मेंदूला खत हाय. घाला!" वीस दिवस, रोज एक बाटली.

बाराव्या-तेराव्या दिवशी यांचा डावा हात चाळवायला लागला. कानाची पाळी दोनदा ओढायची, मग छातीवर थाप. पुन्हा तेच. टाके नेमके तिथेच. मला वाटलं, खाज सुटलीय, उसवून घेतील. मी काय केलं माहितेय? माझ्या ओढणीने तो हात पलंगाला बांधून टाकला. नऊ दिवस! यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि मी उलट यांनाच ओरडायचे.

मग अनंता भेटायला आला, यांच्या शेजारच्या लूमवरचा. दारातच थबकला. "वहिनी, हात कशाला बांधलाय? तो प्रितेशला हाक मारतोय!"

लूमच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, सगळं हातवाऱ्यांवर चालतं, हे मला काय नवीन? सोळा वर्षं लूमवाल्याचा संसार केलाय. पण तुझी खूण मी कधी पाहिलीच नव्हती. लहानपणी तुझ्या कानात बाळी होती म्हणून कानाची पाळी, आणि छातीवर थाप म्हणजे 'माझ्याकडे ये'. अख्ख्या कारखान्याला ठाऊक, घरात बायकोला नाही. माणूस भावाला बोलावत होता आणि मी त्याचं बोलणंच बांधून ठेवलं होतं.

यांना बोलायला शिकवायला क्षितिजा येते, तिला हे सांगितलं तर ती उडीच मारायची बाकी राहिली. अनंताकडून सगळ्या खुणा शिकून घेतल्या पोरीने. पाणी, चहा, धागा, बंद, चालू. आधी खूण, मग शब्द. पहिल्या 'चहा'ला सतरा दिवस लागले. मग मात्र शब्द येतच राहिले. औषधाने किती झालं नि सरावाने किती, ते सांगता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, नका सांगू, नवरा बोलतोय ना! गेल्या सोमवारी हे कारखान्यात गेले आणि तुटलेला धागा उजव्या हाताने जोडला. भर शिफ्टमध्ये सगळ्यांनी लूम बंद करून शिट्ट्या मारल्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल मिठाचं भांडण मिटल्यावर मी यांना विचारलं, त्या दिवशी झालं काय? थांबत थांबत म्हणाले, "मी... चालू कर... म्हटलं. मग मीच... वाकलो. पित्या... न्हाय." तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच.

आणि मी तुला हॉस्पिटलच्या दारात, चारचौघांत काय बोलले? 'भावाला खाल्लंस, या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस.' तू एक शब्द काढला नाहीस. सांगायचं नाहीस का रे गाढवा, की लूम मी चालू केला, पण 'चालू'ची खूण दादानेच केली होती? भाऊ बेशुद्ध पडलेला, त्याच्यावर कसं ढकलायचं, म्हणून गप्प बसलास. मी त्या गप्प बसण्यालाच गुन्हा समजले. चुकले मी, प्रितेश. मोठी असून चुकले. माफी मागायची लाज वाटत नाही, इतके महिने लागले याची वाटते.

हे रोज विचारतात, "पित्या कुठं?" मी सांगायचे, कामाला गेलाय. आता तेही चालत नाही, उलट विचारतात, "कुठल्या... कामाला?" केसरीनाथ शनिवारी परत निघतोय. त्याच्या शेजारची सीट रिकामी आहे, मी विचारून घेतलंय.

जिने तुला घराबाहेर काढलं, तीच दार उघडून बसलीय,
तुझी वहिनी
रंजिता