टिंब नसलेलं वाक्य

प्रिय कात्री,

या नावाने तुला बावीस वर्षांत कुणी हाक मारली नसेल. शाळेत तू आता बाई, घरी आई. पण माझ्या डोक्यात तू कात्रीच राहिलीस. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यातले तीन शब्द कापणारी, आणि कापल्यावर ते बरं झालंय हे त्यालाच पटवून देणारी. मला तुम्ही सगळे शंका म्हणायचात, ती मीही तशीच आहे. फरक इतकाच की आता शंका काढायचा मला पगार मिळतो.

मागच्या मंगळवारी दुपारी तुझी लेक माझ्या ऑफिसात आली. खालून गेटवरचा माणूस फोनवर म्हणाला, एक मुलगी आलीये, तुम्हाला मावशी म्हणतेय. मला बहीणच नाही, म्हणून मी तिला परत पाठवणार होते. पण तोवर ती जिना चढून वर आलीसुद्धा. बसायच्या आधी तिने माझ्या टेबलावरचा कागद उलटा वाचला आणि त्यातल्या एका जादा शब्दावर बोट ठेवलं. मग कुणाची कोण हे विचारायची गरजच उरली नाही.

तिने आपल्याच विद्यापीठात, आपलाच कोर्स घेतलाय हे मला माहीत नव्हतं. तत्त्वज्ञान आणि पत्रकारिता, दोन्ही एकदम. म्हणाली, तत्त्वज्ञान अजून वरच्या मजल्यावर आहे आणि पत्रकारिता तळघरात, मधे एक्केचाळीस पायऱ्या. तिनेही मोजल्यात. आपण त्या पायऱ्या दिवसातून सहा वेळा वरखाली करायचो, ते आठवलं. वर सर तीन तास खर्चून विचारायचे की हे समोरचं टेबल खरंच आहे का. खाली मॅडमना त्याच टेबलाची लांबी, रुंदी आणि ते कुणाच्या सहीने आलं हे पाचच्या आत हवं असायचं. तुझे वडील म्हणायचे, हे दोन्ही शिकून पोरगी एक तर तोंड उघडणार नाही, नाहीतर मिटणार नाही. तेव्हा आपण हसलो होतो. तू उघडायचं आणि मी मिटायचं, असं पुढे ठरेल हे त्यांना तरी काय ठाऊक.

लेकीला एक काम मिळालंय. घरातल्या एका माणसाबद्दल रिपोर्ट लिहायचा आणि घराबाहेरच्या, पण माहीतगार माणसाकडून त्यातलं वाक्य न् वाक्य तपासून घ्यायचं. मॅडम कधीच रिटायर झाल्या, पण त्यांचा नियम अजून चालू आहे: वाक्याची खातरजमा झाली की त्याखाली पेन्सिलने एक टिंब. टिंब नसेल तर वाक्य छापायचं नाही. तिने विषय घेतलाय, आईने पत्रकारिता का सोडली. पान मला देऊन म्हणाली, मावशी, टिंबं द्या, पुढच्या शुक्रवारी जमा करायचंय. छान लिहिलंय गं. तुझ्यासारखं, कुठे चरबी नाही. एकूण छत्तीस वाक्यं आहेत. पस्तिसांखाली मी टिंबं दिली. एकाखाली देता येत नाहीये. ते वाक्य असं आहे: 'आईकडून एक ओळ कापायची राहून गेली आणि त्यामुळे एका बाईची नोकरी गेली.'

ते वाक्य वाचून मला काहीतरी वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, तेव्हा गाल कसा आपलाच असतो पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं. मी तिला चहा विचारला. तिने दोन बिस्किटं खाल्ली, तिसरं पर्समध्ये ठेवलं. गेल्यावर मी राहिलेलं काम संपवलं आणि साडेसहाला घरी गेले. गेली कित्येक वर्षं माझं असंच आहे. माझे वडील गेले तेव्हाही मी आधी मृत्यूच्या दाखल्यातलं स्पेलिंग सुधारून घेतलं होतं. लोकांना वाटतं, बाई खंबीर आहे.

माझं काम तुला लेकीने सांगितलं असेल. पेपरात दुसऱ्या पानावर तळाला एक चौकोन असतो, 'दुरुस्ती' नावाचा. तो मी लिहिते. अमुक बातमीत तमुक चुकीचं छापलं गेलं, प्रत्यक्षात असं आहे, दिलगीर आहोत. लोकांच्या डोळ्यातली कुसळं मी रोज चिमट्याने काढते. नवीन आलेली मुलं मला घाबरतात, संपादक माझं उदाहरण देतात. मुसळाबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.

शेवटच्या वर्षी आपण दोघींनी मिळून एकच विषय घेतला होता, दोन्ही मजल्यांसाठी. खाली बातमी द्यायची आणि वर तिच्यावर निबंध लिहायचा, की माणसाला शब्द दिला म्हणजे नेमकं काय दिलं. हॉस्पिटलच्या धुलाईखान्याची बातमी. एक मशीन बंद होतं, म्हणून संसर्गाच्या वॉर्डातल्या चादरी आणि लहान मुलांच्या वॉर्डातल्या चादरी एकत्र धुतल्या जात होत्या, तेही पाणी नीट न तापवता. हे कुणी बोलायला तयार नव्हतं. बोलल्या त्या इस्त्रीवाल्या मावशी. वाफेत उभ्या राहून, चादरी दाबता दाबता सगळं सांगितलं. फक्त म्हणाल्या, पोरींनो, माझं नाव नको, मला अजून सहा वर्षं काढायचीत इथे. आपण दोघींनी शब्द दिला. नाव घातलं नाही, हे खरंच आहे. पण मी एक ओळ लिहिली होती, की त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत, म्हणून चादरीची घडी त्या मनगटाने दाबतात. तू ती वाचलीस आणि लाल पेनाने उडवलीस. म्हणालीस, अख्ख्या हॉस्पिटलात अशी मनगटं किती असतील? मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. मनातून मात्र मला राग आला होता, कारण त्या बातमीत तेवढं एकच वाक्य जिवंत होतं, असं मला वाटत होतं. मग तू चष्म्याची तुटलेली दांडी बसवायला बाजारात गेलीस आणि विभागाच्या साप्ताहिकाचं पान संध्याकाळी छापायला गेलं.

अंक आला तेव्हा ती ओळ त्यात होती. चौथ्या दिवशी मावशींना घरी बसवलं. मशीन दुरुस्त झालं आठवड्याभरात, मॅडमनी वर्गात आपलं कौतुक केलं, आणि तू त्या कौतुकातून उठून बाहेर गेलीस. पायऱ्यांवर बसून मला म्हणालीस, कागदावर कापली मी, संगणकातून काढायची राहिली बहुतेक. मला काढल्यासारखं आठवतंय, पण चष्माही नव्हता डोळ्यांवर. माझ्याच हातून राहिली. मी तुझ्या शेजारी बसले होते. तू सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेत होतीस आणि मी मूग गिळून बसले होते. वाटलं, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी तू मॅडमना जाऊन सांगितलंस की चूक तुझी. त्यानंतर उद्या म्हणायलाही उशीर झाला होता.

तू मावशींच्या घरी गेलीस. परत परत गेलीस, शेवटी त्यांना शिंप्याच्या दुकानात काम लावून दिलंस. मी एकदाही गेले नाही. मी वरच्या मजल्यासाठी आणखी एक निबंध लिहिला. सरांनी विषय दिला होता, गप्प बसणं हे खोटं बोलणं असतं का? मी बारा पानं लिहून सिद्ध केलं की नसतं. वर्गात सगळ्यांत जास्त मार्क. सरांनी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'युक्तिवाद पटला. तुला स्वतःला पटलाय का?' तो निबंध अजून माझ्याकडे आहे. तुला मी तो कधी वाचायला दिला नाही, लक्षात आहे का? परीक्षा झाल्यावर तू म्हणालीस, ज्याला एक ओळ सांभाळता येत नाही त्याने लोकांबद्दल लिहू नये, आणि तुझ्या गावच्या शाळेत रुजू झालीस. मी स्टेशनवर तुझी बॅग वर चढवून दिली. आपल्या बॅचमध्ये तुझ्याइतकं चांगलं कुणी लिहीत नव्हतं. पेपरात तुला मिळायची ती जागा मला मिळाली.

लेक म्हणते, आईने ती गोष्ट आम्हाला लहानपणापासून सांगितलीये. दप्तर भरताना, गणित तपासताना, कशातही. एकदा कापलं तरी दुसऱ्यांदा बघायचं, नाहीतर कुणाची तरी नोकरी जाते. घरात म्हणच झालीये म्हणे ती. हे सांगताना ती हसत होती.

कात्री, म्हणून हे पत्र. त्या दुपारी तू ती ओळ कागदावर कापलीस आणि संगणकातूनही काढलीस. मी शेजारच्या खुर्चीवर होते, मी पाहिलं. तू चष्मा घेऊन गेल्यावर कॉलमच्या तळाशी दोन ओळींची जागा रिकामी दिसायला लागली. तिथे नक्षी टाकता आली असती, हवामान टाकता आलं असतं. मी माझी ओळ परत घातली, कारण मला ती आवडली होती. बावीस वर्षं शोधून याहून बरं कारण मला सापडलेलं नाही. माफी मागायची म्हटलं तर हात फक्त त्या चौकोनातली वाक्यं लिहितो, त्यामुळे ती इथे लिहीत नाही. मागायला येईन, तू ये म्हणालीस तर. लेकीला मी एवढंच सांगितलंय की एक वाक्य तपासायचं राहिलंय आणि ते आईकडे पाठवतेय. तिचं पान सोबत आहे. शुक्रवारच्या आत तू तिला सांग, नाहीतर हे पत्रच वाचायला दे. त्या वाक्याच्या जागी घालायला दुसरं वाक्य मी समासात लिहिलंय, आणि त्याखाली टिंबही दिलंय: 'आईने ती ओळ कापली होती.'

तुझीच, अजून म्हणू देणार असशील तर,
शंका