न समजलेल्या सोमवारी

बाई, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. आज वसमतच्या स्टँडवर बसून लिहितेय. पिशवीत कुरुंद्याच्या हळदीच्या शेतातली माती आहे, बसला अजून उशीर आहे. पीएचडी करतेय मी. हळदीच्या मुळांशी राहणारे जिवाणू रसायनं सोडून एकमेकांना खबर देतात, ती कशी, हे शोधायचं. एका विषयाचं काम नव्हे हे, म्हणून आम्हाला जीवशास्त्र, रसायन, गणित सगळं एकत्र शिकवतात. दर सोमवारी सगळे एका टेबलाशी बसतात. गणितवाला फळ्यावर समीकरणं मांडतो, बाकीचे हो हो म्हणतात, मीही मान डोलवते. वर्षभर हेच चाललं. खोलीवर परतल्यावर कळायचं, आज आपण कुणाशी धड एक वाक्यही बोललो नाही.

पहिलीत माझं असंच होतं. तांड्यावरून आलेली, मराठी कळायची नाही. तुम्ही विचारता, "जेवून आलीस का?" मी मान डोलवते. "रेड्यावर बसून आलीस का?" तरी डोलवते. वर्ग हसला, तुम्ही नाही. सुट्टीत मला शाळेमागच्या तुमच्या स्वयंपाकघरात नेलंत, पळी, सांडशी, उलथनं हातात देऊन नावं म्हणून घेतलीत. भाकरीला मी "बाटी" म्हटलं, ते तुम्ही वहीत लिहून घेतलंत. दिवाळीपर्यंत मला बरंच समजू लागलं, तरी सवय जाईना. तेव्हा मात्र रागावलात. "काहून डोलवून राहिली गं? समजलं न्हाई तर न्हाई म्हण. मला तरी तुझी बोली कुठं समजून राहिली!"

गेल्या सोमवारी मी उठले आणि म्हणाले, "मला समजलं नाही. अगदी पहिल्या दिवसापासून." मग रसायनवाली हळूच म्हणाली, "मलाही नाही." गणितवाल्यानं फळा पुसला, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. "मग आधी तू सांग, जिवाणूला खबर पोचली हे ओळखायचं कसं? मी कधी विचारलंच नाही." दुपार होईपर्यंत आम्ही बोलत होतो. संध्याकाळी मात्र हे कुणाला सांगावं, ते कळेना.

हे पत्र कुठं टाकणार? पण एक सांगायचंच आहे. तुम्ही गेलात तेव्हा परीक्षा होती म्हणून आले नाही, असं सगळ्यांना सांगितलं. परीक्षा नव्हती. मी तुमच्या गल्लीपर्यंत आले होते, बाई. तुमच्या लेकीपुढं उभं राहून काय बोलायचं, ते सुचेना, म्हणून तिथूनच माघारी फिरले.