टँकरच्या कर्ण्यावर नातवाची कॅसेट

मु. हिरेवाडी, नळदुर्गजवळ
चैत्र वद्य पंचमी, १९८६

तीर्थरूप चन्नबसप्पा अण्णांच्या पायाशी धाकट्या गंगम्माचे शरणु शरणार्थ.

अण्णा, तुमचा गुडघा कसा हाय? एरंडाचं पान गरम करून बांधा म्हणलं होतं, बांधलं का नुसतं व्हय व्हय म्हणलं? शांताक्का वैनीला माझा नमस्कार सांगा. तुमचा खोकला कसा हाय? (लांबवर ऐकू येतो, असं कळलं.) इकडं आमी सगळे जित्ते हाव. उन्हाळ्यात ह्याच्यापरीस जास्त खुशाली कुणी विचारू नये, कुणी सांगू नये. ज्वारी गेली, कडबा गेला, दोन ढोरं छावणीला हायत, एक म्हैस दारात ठेवलीय ती माझ्यासारखीच नुसती हाडं आणि तोंड ऱ्हायलीय.

हे पत्र महांतप्पाच्या सांगण्यावरनं लिहितीय. तो समोर खाटंवर बसलाय. लिहून झालं की वाचणार हाय. (माझं पोरगं, त्याचा हात धरून पाटीवर अक्षरं म्याच गिरवून घेतली, आता तो माझा कागद तपासणार.) त्याचं म्हणणं एवढंच, की त्याचा लेक वीरप्पा तुमच्या घरी ऱ्हाऊन सोलापुरात कालेज शिकतोय, त्याला तुम्ही मागची कडब्याची खोली दिलीया, ती खोली सोमवारच्या आत रिकामी करा. सोमवारी महांतप्पा पहिल्या यष्टीनं येणार, पोराची ती वायरीची, गाणं वाजवायची पेटी फोडणार, आणि पोराला उचलून साखर कारखान्याच्या काट्यावर बसवणार, उसाच्या गाड्या वजन करायला. (औंदा ऊस न्हाय. पण कारखाना सहकारी हाय, त्यामुळं काटा हाय, काट्यावरचा माणूसबी हाय.)

आता हे कशामुळं झालं ते सांगते, म्हंजे तुमास्नी वाटायचं न्हाय की आमी उगाच पोरावर उठलाव.

मागच्या मंगळवारी टपालवाल्यानं कापडात शिवलेलं पार्सल आणून दिलं. मला वाटलं वैनीनं शेंगदाण्याची चटणी धाडली. टाका उसवला तर आत तीन कॅसेटी आणि वीरप्पाची चिठ्ठी. आजी, ह्या म्हैन्यात निघालेल्या नव्या कॅसेटी धाडतोय, तू आधी ऐक, मग मला खरं सांग, बाकी कुणी खरं सांगत न्हाय. ह्या कुठल्या कंपनीच्या न्हायीत, आमी पोरांनीच खोलीत भरल्यात, घरोघर जाऊन देताव. आमच्यावर कुणी धनी न्हाय. असं त्यानं अभिमानानं लिहिलंय. अण्णा, धनी नसलेलं जनावर बाजारात कुणी इकत घेत न्हाय, त्याला कोंडवाड्यात घालत्यात, एवढं ह्याला कालेजात शिकवलं न्हाय का?

गावात टेप एकच, आमच्या बायांच्या दूध सोसायटीच्या खोलीत. मी तिची चेअरमन. (कुणी व्हईना म्हणून झाले, आता मी हटंना म्हणून हाय.) त्या टेपचं सवताचं तोंड कवाच फुटलंय, त्यामुळं तो छपरावरच्या कर्ण्यातनंच बोलतो. आणि कर्ण्याचं काम एकच, टँकर. हमरस्त्यावरनं टँकर वळल्याची धूळ दिसली की सोसायटीचा नागप्पा भजनाची कॅसेट लावतो. टेप वाजतीय तवर जिनं आडाजवळ घागर आणून ठेवली तिचा नंबर खरा. टेप थांबली की रांग बंद. मग टँकर आडात पाणी सोडतो आणि घागरींच्या नंबरानं बाया दोर सोडत्यात. हा नेम म्याच घातला, कारण त्याच्याआधी पाण्यापरीस झिंज्याच जास्त निघायच्या.

तर म्या नागप्पाला म्हणलं, नातवाचं गाणं ऐकायचंय, कर्ण्याला पोतं बांध. त्यानं ज्वारीचं रिकामं पोतं कर्ण्याच्या तोंडात कोंबलं, वरनं दोरी आवळली, खाली आला. भर दुपार, बाहेर झळा, म्हणून आमी दार लावून घेतलं आणि बसलाव ऐकत.

पहिली कॅसेट ‘तिसरी पाळी’ नावाच्या मेळ्याची. सोलापूरच्या गिरणीतल्या कामगारांची चार पोरं. त्यांच्याकडं तारांची वाद्यं हायत, पण ती वाजवत न्हायीत, त्यांच्याशी भांडत्यात. ढोलवाला असा बडवतोय, जशी बांधलेली म्हैस पत्र्याला शिंगं देती. मधीच गिरणीचा भोंगा. मग एकजण वरडतो, कुणावर ते कळत न्हाय, पण ज्याच्यावर वरडतोय त्यानं कायतरी केलंय एवढं नक्की. नागप्पा म्हणला, आक्का, ह्यास्नी पगार मिळाला न्हाय जणू. आमच्या वेळंला माणसं गायची ती चार जण जवळ यावीत म्हणून. हे गात्यात ते चार जण उठून जावीत म्हणून.

दुसरी ‘काजळी’. पुण्याची दोन पोरं आणि एक पोरगी. ह्यांच्यात तर तारा न्हायीत, ढोल न्हाय, भाता न्हाय, सगळं वायरीच्या पेटीतनं. अण्णा, मी हादरले ती हितं. भात्याशिवाय पेटी वाजती म्हंजे माणूस श्वास न घेता बोलल्यावानी झालं. टाळसुद्दा यंत्रच धरतंय, आणि कधी चुकत न्हाय, ते तर जास्तच भ्याव वाटतं. ती पोरगी ताप भरल्यावानी थंडगार गाती. नवरा न्हाय, सासू न्हाय, म्हायेर न्हाय, गाण्यात कुणीच न्हाय, नुसती ती आणि एक जिना. वर वेष्टणावर तिघांची तोंडं, पीठ फासल्यावानी पांढरी, आणि डोळ्याखाली बोटभर काजळ वघळलेलं. दृष्ट लागू नये म्हणून लेकरांच्या तळपायाला लावायचं ते ह्यांनी तोंडभर लावलंय. आता ह्यास्नी दृष्ट लागायची न्हाय, ह्यांचीच दुसऱ्याला लागंल.

तिसरी आपल्या दिवट्याची. मेळ्याचं नाव ‘आड’. आधी नुसती घरघर, लांबच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा सुटल्यावानी. मग करकर. ती करकर ऐकून मी ताठच झाले. आपल्या आडाच्या रहाटाची ती. दिवाळीच्या सुट्टीत पोरगं रोज आडाच्या कठड्यावर सोलापुरातनं आणलेला टेप मांडीवर घेऊन बसायचं. मला वाटायचं इंग्रजी पाठ करतंय. ते रहाटाची चोरी करत हुतं. मग त्याचा आवाज, जमिनीखालनं आल्यावानी: पोहरा गेला, दोर गेला, खाली कोण हाय? खाली कोण हाय? अण्णा, अकरा मिनिटं हेच. (नागप्पाच्या घड्याळात बघितलं.) मी दोनदा म्हणलं, आरं कोण न्हाय, पुढचं म्हण. पण ते काय ऐकतंय. आणि शेवटाला, शाळेत भाषण केल्यावर सांगायचं तसं, सवताचं, बापाचं, गावाचं, तालुक्याचं नाव स्वच्छ सांगितलं. चोरानं भिंत फोडावी आणि जाताना पत्ता लिहून जावं, तसं.

मग नागप्पानं दार उघडलं.

समोर सगळं गाव. आडापासनं मारुतीच्या पारापर्यंत घागरी, हंडे, कळशा, तेलाचे डबे, बारशात आलेलं एक पातेलंसुद्दा. पोत्यानं आवाज अडला न्हाय, नुसता खोल गेला. आणि कर्णा वाजला म्हंजे टँकर, हे गावाला म्याच शिकवलेलं. पहिल्या कॅसेटीलाच बाया पळत आल्या, दुसरीला वरच्या वस्तीवरच्या आल्या, तिसरीला बाळंतीणसुद्दा घागर घेऊन उभी. टँकरचा पत्ता न्हाय. पण टेप वाजतीय तवर रांग मोडायची न्हाय, म्हणून अर्धा तास उन्हात समद्या जागच्या जागी, आणि वर आपलं पोरगं रडतंय, खाली कोण हाय.

आणि ह्या सगळ्याच्या मधी सरकारी जीप.

टँकर रोज द्यायचा का दिवसाआड, हे बघायला साहेब त्याच दुपारी आले हुते. कुणीतरी वर कळवलं हुतं म्हणं, हिरेवाडीच्या आडाला पाणी हाय. महांतप्पा पंचायतीचा मेंबर, तोच त्यास्नी घेऊन आलेला. त्यानं खिशात भाषण लिहून ठेवलेलं. साहेब उतरले, काळा चष्मा काढला, घागरींकडं बघितलं, कर्ण्याकडं बघितलं. विचारलं, हे काय चाललंय? कुणी गेलं का? महांतप्पाचा हात भाषणाच्या खिशातच ऱ्हायला, कारण तवर कर्ण्यातनं त्याच्या लेकानं त्याचं नाव घेतलेलं. तेवढ्यात पहिल्या नंबरची चन्नम्मा (तुमास्नी ठावं हाय, तिला कुणी विचारलेलं नसतं) पुढं होऊन म्हणली, “सायेब, आमचा कर्णा रोज असाच रडतो. आज तुमी हाव म्हणून तोंड बांधलंय.”

रीत सोडायची न्हाय म्हणून म्या साहेबास्नी गूळ आणि तांब्याभर पाणी दिलं. त्यांनी तांब्या हातात धरला, दोनशे बाया तांब्याकडं बघायल्या. त्यांनी तसाच माघारी दिला. गूळ खाल्ला. (ठसका लागला, पण प्याले न्हायीत. माणूस चांगल्या घरचा.) वहीत कायतरी लिहिलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी कागद आला, टँकर रोज, आणि वर एक खेप जास्तीची.

आता ही जास्तीची खेप महांतप्पाच्या भाषणामुळं मिळाली, हे सगळ्या गावाला ठावं हाय. (भाषण अजून खिशातच हाय, पण साहेब लोकांस्नी खिशातलं कळतं.) महांतप्पाचं म्हणणं, खेप मिळाली तरी अब्रू गेली. व्याही विचारत्यात, पोराला कोण लागलंय का, लिंबू उतरून टाकू का. म्हणून खोली रिकामी करा, सोमवारच्या आत, हे माझं आणि महांतप्पाचं एकमतानं सांगणं हाय. असलं गाणं म्या माझ्या साठ वर्सांत ऐकलं न्हाय, आणि त्यात गाणं कुठं हुतं ते अजून सापडलं न्हाय. पोराला आशीर्वाद द्या, कमी द्या.

तुमची धाकटी,
गंगम्मा

ता. क. महांतप्पानं पत्र दोनदा वाचलं, मान डोलावली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेलाय. गोंदाची बाटली माझ्यापाशी हाय, म्हणून आता खरं लिहिते. अण्णा, वीरप्पाच्या कॅसेटीच्या वेष्टणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात छापलंय: आभार, चन्नबसप्पा आजोबा, खोली, चहा आणि खोकल्याबद्दल. खोकला म्या आधीच वळखला हुता. सातव्या मिनिटाला, पोरगं खाली कोण हाय म्हणतंय आणि लांबनं तुमी खोकताव. म्या म्हणलंच, ह्या आडाच्या तळाला आमचा अण्णा बसलाय! वयाची सत्तरी आली, गुडघा चालंना, आणि मेळ्यात जाऊन खोकताव? वैनीला ठावं हाय का? ते वेष्टण म्या महांतप्पाला दावलं न्हाय. भाकरीच्या टोपल्याच्या बुडाशी हाय. तिथंच ऱ्हाईल का न्हाय, ते तुमच्यावर.

दुसरं ता. क. खोली रिकामी करा म्हणलंय, तर रिकामी करा. सोमवारी महांतप्पाला तिथं नुसता कडबा दिसला पायजे. पेटी वैनीच्या गोधड्यांच्या थप्पीत घाला, बापय माणूस तिथं हात घालत न्हाय. दोन दिवसांनी परत मांडा. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगा, पेटी इकली. तुमी मोठे मामा हाव, तुमच्यापुढं तो बोलायचा न्हाय. पण वीरप्पाला हेबी सांगा, की ह्या वर्साला नापास झाला तर पेटी मी येऊन फोडीन. मला यष्टीत बसायला कुणाला इचारावं लागत न्हाय. आणि खरं सांग म्हणला हुता, तर सांगते: तिसरी पाळीवाल्यांस्नी ढोलकरी बदला म्हणावं. काजळीवाल्या पोरीला चार दिवस हितं धाड, चांगलं जेवूखावू घालते. त्याचं सवताचं गाणं लांबलंय. अकराचं पाच मिनिटं कर. साहेब लोक पाचव्या मिनिटालाच वही काढत्यात.

तिसरं ता. क. ह्याच्यासाठीच सगळं पत्र लिहिलं. येत्या अमावास्येला तेच साहेब जास्तीची खेप चालू ठेवायची का बंद करायची, ते बघायला परत येणार हायत. आणि नागप्पाच्या टेपनं वीरप्पाची कॅसेट खाल्ली. फीत बाहेर आली, चन्नम्मानं त्या फितीनं कडब्याची पेंडी बांधली. तर त्याच्या नव्या दोन कॅसेटी, आणि असतील तर दुसऱ्या कुणा काळतोंड्या पोरांच्या आणखी दोन, यष्टीच्या कंडक्टरपाशी देऊन धाडा. गावच्या बाया इचारत्यात. पोतं आमचं आमी बांधू. पोराला सांगा, तुझं गाणं पोत्यातनंच बरं लागतं, तिथंबी तसंच भर. आणि खाली कोण हाय म्हणून अकरा मिनिटं इचारतोय, तर त्याला उत्तर द्या: कोण न्हाय, चिखल हाय, आणि त्यात बहात्तर सालच्या दुष्काळात माझ्या हातनं पडलेली पितळंची कळशी हाय. औंदा आड इतका तळाला गेलाय, की काल तिचा काठ दिसला. जास्तीची खेप बंद पडली तर ती माझ्या हाताला लागंल. न लागलेली बरी. कॅसेटी लवकर धाडा.