बाबाच्या पुडीतलं कडू

९ फेब्रुवारी १९६५, जबलपूर

आलं! मेयरचं रिएजंट टाकल्याबरोबर नळीच्या बुडाशी दह्यासारखं बसलं. म्हणजे बाबाच्या पुडीत अल्कलॉइड आहे – झाडाचं कडू औषधी तत्त्व. सर चष्मा कपाळावर नेऊन म्हणे, "व्हेरी इंटरेस्टिंग, मिस मेश्राम." मी नाचली नाही. आतून नाचली.

खेमराजचं अन् माझं टेबल एकच. लगेच त्याचं – "कौन सा पेड़ है, पुष्पा?" त्याले काय करायचं? मलेच कुठं माहीत! बालाघाटात बाबा तापाची पुडी देते. फुकट. पार बैहर-बिरश्याहून लोक येते, बरे होऊन जाते. पण साल कोणत्या झाडाची, हे आईलेही नाही सांगितलं. विचारलं का एकच – "नाव सांगितलं का गुण जाते."

हे सगळं मराठीत लिहून ठेवून राह्यली. इंग्रजीत लिहिलं तं इथं सगळेच वाचते.

१७ फेब्रुवारी

काचेच्या कांडीनं नळी आतून घासली, घासली, हात दुखला – अन् स्फटिक! बारके, पांढरे. नव्वद डिग्रीच्या जरा आत वितळते. सर म्हणे, नवीन निघालं तं पेपर निघन, उंदरांवर टेस्ट होईन, मले पुढं रिसर्चले ठेवून घेईन. मले! पण झाडाचं नाव पाहिजे. त्याशिवाय काहीच नाही.

खेमराज मागं उभा होता. कधीपासून?

२४ फेब्रुवारी

थोडे स्फटिक सोडियमसंगं तापवले, सिल्व्हर नायट्रेट टाकलं – पांढरं! क्लोरीन! सर हसले. "पेड़ में क्लोरीन? पहले नली धोइए."

धुतली. डिस्टिल्ड पाण्यानं धुतली. परत पांढरं.

झाडाच्या सालीत असं क्लोरीन बसत नाही, हे मलेही समजते. कोणी तरी मीठ टाकलं. अन् त्या टेबलावर दुसरं कोण बसते?

२५ फेब्रुवारी

स्फटिकांची नळी हॉस्टेलात आणून ट्रंकेत टाकली. कुलूप. खेमराज म्हणे, "सोना रखा है क्या?"

"हौ," म्हणलं.

१७ मार्च, बालाघाट

होळीची सुट्टी. छोट्या गाडीनं आली, केसात कोळसाच कोळसा. आई म्हणे, "कॉलेजात शिकते का इंजिनात?"

बाबा डेपोतल्या ड्युटीवरून आले तशी मागं लागली. "बाबा, नाव सांगा ना. तुमचंच नाव होईन." बाबा हसले, चपला काढल्या, पाय धुवाले गेले. आई म्हणे, "जाऊ दे ना बेटी." काहून जाऊ दे?

अन् हा शालिकराम कोण? सरकारी मलेरियावाला. गावोगाव सायकलनं फिरते, सुईनं बोट टोचते, रक्ताचा ठिपका काचेवर घेते. आमच्या घरी चहा पिऊन राह्यला, अन् मी ओसरीवर आली तं दोघंही चूप! मग मागच्या खोलीत गेले, दार लोटलं. जातानी त्याच्या झोल्यात पुड्या होत्या. एकदोन नाही – झोला फुगला होता.

आमचं औषध नेऊन राह्यला! नागपूरच्या कोण्या कंपनीले देत असन. मी इथं नळ्या धुवत बसली, अन् हा सायकलवर माझा पेपर घेऊन गेला.

१८ मार्च

आईले म्हणलं, शालिकराम चोर आहे. आई पोळी लाटता लाटता थांबली. "चोर? त्याले नको बोलू काही." बस. परत लाटाले लागली.

आईलेही माहीत आहे. काय ते नाही माहीत मले, पण आहे.

२० मार्च

बाबा स्वतःच म्हणे – चाल. बसनं बैहर, पुढं पायी. नाल्याच्या काठी एक झाड, जुन्या घावांनी भरलेलं. "हे घे. तुझा आजा इथूनच नेत होता." कुऱ्हाडीनं साल काढून दिली. एक पान तोडून रुमालात बांधलं, सरांले नाव ओळखाले.

इतकं सोपं? इतके वर्ष आईलेही नाही सांगितलं, अन् मले असंच? परत येतानी बसमध्ये बाबा खिडकीबाहेर पाहत होते. माझ्याकडं एकदाही नाही पाह्यलं.

२ एप्रिल, जबलपूर

नव्या सालीत काही नाही. नळी पाण्यासारखी साफ. परत काढलं, जास्त साल घेतली, मेयर टाकलं – काहीच नाही. जीभ लावून पाह्यली. कडू आहे, पण ते कडू नाही. पुडीचं कडू वेगळं, जिभेच्या मागं जाऊन बसते.

बाबानं खोटं झाड दाखवलं. मले! परक्याच्या झोल्यात पुड्या, अन् पोरीले खोटं झाड.

खेमराज म्हणे, "रो रही हो?" अमोनिया आहे, म्हणलं.

९ एप्रिल

रूममेट साधनाले हिवताप. दातावर दात. डॉक्टरनं गोळ्या देल्या, तिनं अर्धी थुंकली. "ज़हर है, तू चख के देख!" मी तुकडा उचलून जिभेवर ठेवला. गमतीत.

गंमत नाही.

जिभेच्या मागं जाऊन बसलं.

१२ एप्रिल

साधना बरी आहे. डॉक्टरले मागून तिच्यासारख्याच दोन गोळ्या आणल्या. कुटल्या, सोडा टाकला, ईथरमध्ये काढलं. स्फटिक आले. नव्वदच्या जरा आत वितळते.

मग शेवटचं. दोन वेगळ्या वस्तू मिसळल्या तं लवकर वितळते. एकच असली तं जिथची तिथंच. पुडीचे अन् गोळीचे स्फटिक मिसळले, बारीक केले, केसासारख्या बारीक काचेच्या नळीत भरले, तेलात धरले. पारा चढत गेला. मी म्हणत होती – आता वितळ, आता वितळ, खालीच वितळ!

नाही वितळलं. जिथची तिथं.

क्लोरोक्विन. सरकारी गोळी. क्लोरीन तिच्यातच होतं. खेमराजनं काहीच नाही टाकलं.

३ मे, बालाघाट

बाबाले विचारलं. डेपोचा शर्टही नव्हता काढला त्याईनं.

"हौ," म्हणे.

मग बोलले, थांबून थांबून. शालिकराम गोळ्या घेऊन गावात गेला तं लोक नाल्यात फेकत. सरकारी गोळीनं पोट्टे होत नाही, म्हणत. एका गावात तं त्याची सायकलच फोडली. "माझी पुडी खाते, त्याची गोळी खात नाही. तं गोळी पुडीत गेली. किती द्यायची तोच सांगते, मी कुटतो. तुझी आई चाळते. मग माझ्या नावानं पुड्या तोच गावोगाव नेते."

"अन् झाड?"

"झाड खरंच हाय ते. आज्याचं. थोडी साल अजूनही टाकतो, रंगाले." मग खालच्या आवाजात – "तुझ्या अंजना आत्याले तापात तेच पाजलं होतं, बेटी. नुसती सालच. माझ्या मांडीवर गेली."

मी चिडून म्हणलं, "मग मले पुडी कायले नेऊ देली? महिनेच्या महिने मी–"

बाबानं टोपी काढली, मांडीवर ठेवली. "तू मागितली. माझी पोट्टी शिकून आली अन् म्हणे, बाबा, तुमच्या हातात काई तरी हाय. मले नाई म्हणता नाई आलं."

आई दारात उभी, पिठाची चाळणी हातात. पिठाची नव्हतीच ती कधी.

४ मे

सर विचारतीन. खरं सांगितलं तं बोभाटा होईन – शालिकरामची नोकरी जाईन, अन् लोक बाबाची पुडीही नाल्यात टाकतीन. नाही सांगितलं तं माझ्याजवळ काय राहते? एक रिकामी साल.

६ मे

सरांले लिहिलं – पहिला नमुना माझ्याच हातून खराब झाला, नळी साफ नव्हती. सालीत काही नाही. दुसरा विषय द्यावा.

रिसर्च गेलं. खेमराजले ठेवतीन आता.

११ मे

बाबा डेपोत. बिरश्याची मैनाबाई नातवाले घेऊन आली, पोरगं तापानं लाल. किती द्यायची ते शालिकरामले विचारून मीच कुटली, आईनं चाळली, मी पुडी बांधली. मैनाबाईनं वास घेऊन पाह्यला. "कायच्या झाडाची हाय वो बाई?"

"नाव सांगितलं का गुण जाते," म्हणलं मी.