आजीच्या उन्हाचं कडवं

शनिवार, ७ मार्च
इतिहासाने नोंद घ्यावी — डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनच्या हॉलमध्ये आज पुन्हा मोडक्या पायाची खुर्ची माझ्याच वाट्याला! अकरा खुर्च्या, दहा धड. गीतकार, दिग्दर्शक, मॅनेजर — तिघेही मीच, एकाच लुळ्या खुर्चीवर.

माझ्या संचात चार पोरं — गाणं, नकला, जादू, मुद्दाम धडपडणं, सगळं वीस मिनिटांत. पुढच्या रविवारी ट्रली गावी व्हरायटी शोची निवड. निवडले तर उन्हाळाभर दौरा, आणि पोस्टरवर गीतकार म्हणून माझं नाव. बारा वर्षं गाणी लिहितोय, हे पहिल्यांदा!

पण खटकलं. माझं कडवं — 'मेघांनी झाकले नभ, मन झाले उदास' — पोरांनी गायलंच नाही. त्याजागी 'आजी विचारते ऊन कुठाय, प्रेसमध्ये ठेवलंय काय?' प्रेस म्हणजे इथलं कपाट. बसलेले आईबाप खो-खो हसले. माझ्या त्या ओळींना तीन वर्षांत खोकलेसुद्धा नव्हते.

सोमवार, ९ मार्च
संशय पद्मिनीवर. पोरांना देवनागरी वाचता येत नाही. माझी गाणी इंग्रजी अक्षरांत तीच उतरवून देते. चौघांतल्या क्षितिजाची आई, डॉक्टर, आणि कॉलेजात एकांकिका लिहायची — स्वतःच सांगते, दर भेटीत. नाव लाटायचा डाव, दुसरं काय!

बुधवार, ११ मार्च
फोनवर सरळ विचारलं.
"अहो देवदत्त, बारा तास ड्यूटी करून तुमचं ते नभ-बिभ टाइप करते मी. बदलायला वेळ कुणाला आहे?"
'वेळ नाही' म्हणाली. 'बदललं नाही' म्हणाली का? नाही!
हे मी मोठ्याने बोललो. चूक झाली.
"मग क्षितिजाही नको तुम्हाला रविवारी." फोन बंद.
क्षितिजा गेली तर उरतात तीन पोरं आणि एक जादूची टोपी.

शुक्रवार, १३ मार्च
पद्मिनी फोन उचलत नाही. गुन्हेगार उचलत नसतातच.

शनिवार, १४ मार्च
पद्मिनी लेकीला घेऊन दारात. कागद पुढे केला. तिने उतरवलेलं माझं कडवं, शब्द न् शब्द जसाच्या तसा. त्यावर जांभळ्या स्केचपेनची काट, शेजारी वेड्यावाकड्या अक्षरात आजीची ओळ.
क्षितिजा. वय नऊ. मी मराठीत विचारलं, तिने नेहमीसारखं तिच्या आयरिश इंग्रजीत सांगितलं —
"काका, नोबडी लाफ्स ॲट क्लाउड्स." मग दया आली असावी. "द रेस्ट इज ग्रँड." ग्रँड म्हणजे इथलं 'ठीक आहे'.
तिची आजी म्हणे खरंच विचारायची, इथे होती तेव्हा. रोज.
पद्मिनीची माफी मागितली. "उद्या पाठवते. तिच्यासाठी हं, तुमच्यासाठी नाही."

रविवार, १५ मार्च, ट्रली
निवडीच्या फॉर्मवर पोस्टरसाठी गीतकाराच्या नावाला एकच जागा. क्षितिजाचं नाव लिहिलं, कागद पालथा करून दिला. कुणी पाहिलं नाही.